प्रच्छन्न प्रतीकवाद

प्रच्छन्न प्रतीकवाद : प्रबोधनकालीन, विशेषतः पंधराव्या शतकातील नेदरलँडिश चित्रांत रोजच्या वापरातील वस्तूंच्या आड धार्मिक अर्थ दडलेला असतो, असे मानणारी अर्थनिर्णयाची पद्धत. एर्विन पॅनोफ्स्की (१८९२–१९६८) या कलेतिहासकाराने ती रूढ केली. सेंट पीटरच्या हातातील किल्ल्यांसारखी उघड प्रतीके येथे अभिप्रेत नाहीत.

या पद्धतीचे बलस्थान आणि तिचा दुबळेपणा नेदरलँडिश चित्रकार यान व्हान आयिकच्या ‘आर्नॉल्फीनी’ चित्रात (१४३४, लंडनची नॅशनल गॅलरी) एकत्र दिसतात. खोलीत हात धरून उभे असलेले स्त्री-पुरुष हा त्याचा विषय. पॅनोफ्स्कीने १९३४ मध्ये हे चित्र म्हणजे विवाहाचा साक्षीपुरावाच ठरवला : पायाशी असलेला कुत्रा म्हणजे निष्ठा, झुंबरातील एकुलती जळती मेणबत्ती म्हणजे सर्वसाक्षी ईश्वर, काढून ठेवलेल्या खडावा म्हणजे पवित्र भूमी, भिंतीवरील ‘यान व्हान आयिक येथे होता’ हा लॅटिन लेख म्हणजे साक्षीदाराची सही. मात्र पुरुषाने स्त्रीचा उजवा हात आपल्या डाव्या हातात धरला आहे. विवाहविधीत उजव्या हातात उजवा हात देत असल्याने ही अडचण पहिल्यापासूनच होती. पुढे कागदपत्रांनी आणखी पेच निर्माण केला. आर्नॉल्फीनी घराण्यातील ज्या जोव्हान्नी दी आर्रीगोचे हे चित्र मानले जाई, त्याचा विवाह १४४७ मध्ये, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी झाल्याचे आढळले. त्यामुळे हा त्याचा चुलतभाऊ जोव्हान्नी दी निकोलाओ असावा, असे आता बहुधा मानतात. त्याची पत्नी कोस्तांझा १४३३ पर्यंत निवर्तली होती; त्यावरून कलेतिहासकार मार्गारेट कोस्टर यांनी २००३ मध्ये हे मृत पत्नीचे स्मृतिचित्र असल्याचे सुचवले. स्त्रीच्या बाजूची विझलेली मेणबत्ती आणि आरशाच्या चौकटीत तिच्याकडील बाजूस असलेली ख्रिस्ताच्या मृत्यूनंतरची दृश्ये त्यांच्या मताला आधार देतात. पण तो निर्णायक नाही. कलेतिहासकार लॉर्न कॅम्बेल यांच्या मते (१९९८) येथे विवाहविधी नाहीच. रंगाखालचे रेखाटन दाखवणाऱ्या अवरक्त तपासणीत कुत्रा मूळ रेखाटनात आढळत नाही. तो रंगकामाच्या ओघात आला. ज्या वस्तूवर अर्थाची सारी भिस्त ठेवली, ती मुळात योजलेलीच नव्हती, हा आक्षेप गंभीर मानला पाहिजे.

लिखित आधार सापडतो तेथे मात्र ही पद्धत अधिक विश्वसनीय ठरते. पंधराव्या शतकातील मेरोद वेदिचित्रात (चर्चच्या वेदीसाठीचे चित्र) मेरीचा पती जोसेफ उंदीरसापळे करतो. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने क्रूसाला सैतानासाठी लावलेला सापळा म्हटल्याचे कलेतिहासकार मायर शापिरो यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले. याउलट इटालियन लेखक चेझारे रीपाचा प्रतीककोश (१५९३, सचित्र १६०३) या चित्रांच्या बराच नंतरचा असल्याने तो त्यांना लावणे कालविपर्यस्त होय.