पाऊस थांबला, मग पाणी का उतरत नाही?

जुलै उजाडला की कोल्हापुरात ‘जेवलास काय?’च्या आधी ‘राजाराम बंधारा किती फुटावर?’ हे विचारलं जातं. पंचगंगेवरच्या या बंधाऱ्यापाशी 39 फूट ही इशारा पातळी, 43 धोका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी हेच आकडे 40 आणि 45. शाहूपुरीतला दुकानदार 39 ऐकलं की खालच्या फळीवरचा माल वर चढवायला घेतो. शहाणपणाचंच आहे ते. गैरसमज पुढचा आहे: फूट वाढले म्हणजे वरून तेवढं जादा पाणी आलं!

नेहमी तसं नसतं. आपल्या मोरीत काही अडकलेलं नसलं, तरी बाहेरचं गटार तुडुंब भरलं की मोरी तुंबतेच. पंचगंगेची मोरी म्हणजे नरसोबाची वाडी. तिथे ती कृष्णेला मिळते. कृष्णाच चढलेली असेल तर पंचगंगेच्या पाण्याला जायला उतार उरत नाही. आणि नदीला पुढे नेणारा असतो तो तळाचा नव्हे, पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार.

इथून माझा आवडता भाग. वाहत्या पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उतार चौथाई झाला की वेग निम्मा. (खोलीचा परिणाम तूर्त बाजूला ठेवू.) विसर्ग म्हणजे वेग गुणिले काटछेद. वरून येणारं पाणी तेवढंच आणि वेग निम्मा, म्हणजे काटछेद दुप्पट हवा. पात्रात तेवढी जागा नसते. मग पाणी उसात शिरतं, तिथून पेठेत. गंमत अशी की पूर चढताना पृष्ठभाग जास्त कललेला असतो, उतरताना कमी. म्हणून चढतीच्या 43 फुटांना नदीतून जेवढं पाणी जातं, तेवढं उतरतीच्या 43 फुटांना जात नाही. पातळी आणि विसर्गाच्या आलेखावर एकच रेघ न येता वळसा येतो. पट्टीवर आकडा एकच, नदी मात्र वेगळी.

पुरात नदीची ओटी भरायची रीत आहे. जरूर भरा, पण त्या साडीनं उतार वाढत नाही. ‘सगळं अलमट्टीमुळेच’ (कृष्णेवरचं, खाली कर्नाटकातलं धरण) हेही मला तसंच वाटतं. 2019च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोष दिला नाही. वाद तरी मिटलेला नाही. धरणाचा फुगवटा, म्हणजे अडल्यामुळे मागे चढलेलं पाणी, किती मागे पोचतो हे धरणाची पातळी, विसर्ग आणि मधल्या पात्राचा उतार यांवरून मोजता येतं, घोषणेवरून नाही. शिवाय पुराच्या वाटेत टाकलेला रस्त्याचा प्रत्येक भराव आपल्या उशापाशीच छोटा फुगवटा तयार करतो, त्याबद्दल कुणी मोर्चा काढला तर ती बातमी आतल्या पानावर जाते. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा पूर न आलेल्या गल्लीतही दूध आणि पेट्रोल मिळेना.

सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद. तिथली माती अशी की पाणी झिरपत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005च्या महापुरात ती बुडाली आणि हळदीचं अतोनात नुकसान झालं. वारणा कृष्णेला मिळते ती याच हरिपूरला, म्हणजे वारणेची मोरी हीच.