नोबू

नोबू : आधुनिक जपानी जेवणासाठी नावाजलेली, उंची दरांची आंतरराष्ट्रीय रेस्टॉरंट-साखळी. संस्थापक शेफ नोबुयुकी मात्सुहिसा (जन्म १९४९) मूळचे जपानमधील साइतामाचे. तोक्योत सुशीचे काम शिकून ते १९७३ च्या सुमारास पेरूतील लिमा येथे गेले. पुढे अलास्कात काढलेले त्यांचे रेस्टॉरंट थोड्याच दिवसांत आगीत खाक झाले. १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्स येथे त्यांनी ‘मात्सुहिसा’ सुरू केले. तेथे जेवायला येणारे अभिनेते रॉबर्ट डी नीरो यांच्या आग्रहातून, त्यांच्याच भागीदारीत, न्यूयॉर्कचे ‘नोबू’ १९९४ मध्ये उघडले. लंडनचे १९९७ मध्ये. नंतर हॉटेलेही निघाली.

साखळीची ओळख ठरलेला पदार्थ म्हणजे ‘ब्लॅक कॉड मिसो’. हा मासा खरे तर कॉड नव्हे. तो उत्तर पॅसिफिकमधील तेलकट सेबलफिश. साके (तांदळाचे मद्य) व मिरीन (गोड तांदळाचे मद्य) उकळून मद्यार्क उडवतात, त्यात पांढरा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आणि साखर विरघळवून मिश्रण निववतात. माशाच्या तुकड्या त्यात दोन-तीन दिवस मुरतात. भाजण्यापूर्वी वरचा मिसो नुसता पुसतात, पाण्याने धूत नाहीत. त्यामुळे कडा काळसर होतात आणि आतला मासा पाकळ्यांसारखा सुटतो. याच्या शोधाचे श्रेय अनेकदा मात्सुहिसांना दिले जाते. परंतु साइक्यो या क्योतोच्या पांढऱ्या मिसोत मासा मुरवून भाजण्याची ‘साइक्यो-याकी’ ही रीत त्यांच्या कितीतरी आधीची आहे. तेव्हा गोडवा वाढवून ती जगभर पोहोचवली, इतके श्रेय त्यांना देणे अधिक रास्त. तेही थोडे नाही.

नोबूत मिळणाऱ्या ‘तिरादितो’ या कच्च्या माशाच्या पेरूवियन पदार्थाच्या उगमाबद्दलही मतभेद आहेत. १८९९ पासून पेरूत स्थायिक झालेल्या जपान्यांकडे काही जण त्याचे मूळ नेतात, तर काही इटालियन स्थलांतरितांकडे. साशिमीसारखे (साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे जपानी काप) पातळ काप, कांद्याचा अभाव आणि आयत्या वेळी दिलेला लिंबाचा आंबटपणा पाहता पहिले मत अधिक पटते. कच्चा मासा नाकारणाऱ्या एका ग्राहकासाठी मात्सुहिसांनी साशिमीवर कडकडीत तापलेले तेल, आपण वरून फोडणी ओततो तसे, ओतले. त्यातून ‘न्यू स्टाइल साशिमी’ आली.

निळपंखी ट्यूना या तेव्हा घटत चाललेल्या माशाच्या वापरावरून लंडन शाखेवर पर्यावरणवाद्यांनी टीका केली, ती योग्यच होती.

न्यूयॉर्कच्या ‘नोबू’चे मुख्य शेफ राहिलेले मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाचे ‘वसाबी’ हे रेस्टॉरंट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ मध्ये सुरू झाले.