विरजण कमी पडलं की कोम्बुचा बिघडतो

गेल्या मे महिन्यात मला चार लिटर कोम्बुचा मोरीत ओतावा लागला. वर तरंगणाऱ्या गुळगुळीत चकतीच्या कडेला रुपयाएवढा हिरवट-करडा ठिपका होता, कोरडा आणि लोकरीसारखा केसाळ. चमच्याने तेवढाच काढून टाकावा असं क्षणभर वाटलं. पण बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, काही बुरशींचं विष पेयात उतरतं. त्यामुळे चकतीसकट सगळं टाकणं भाग होतं.

कोम्बुचा म्हणजे साखर घालून आंबवलेला कोरा चहा. लिटरभर पाण्याला साधारण ८ ग्रॅम चहापत्ती आणि ७० ग्रॅम साखर. चहा पूर्ण निवला की त्यात चकती आणि आधीच्या खेपेचा १०० मिलिलिटर आंबट कोम्बुचा घालायचा. त्या चकतीला स्कोबी म्हणतात. बरेच जण तिला अळंबी समजतात, पण ती यीस्ट आणि जिवाणूंची एकत्र वस्ती आहे. यीस्ट साखर फोडून तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. जिवाणू हवेतला ऑक्सिजन वापरून त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. त्यांच्यातले कोमागाटाइबॅक्टर नावाचे जिवाणू ग्लुकोजचे रेणू एकामागून एक ओवून सेल्युलोज विणतात. आपल्या विदर्भाच्या कापसात असतं तेच हे सेल्युलोज. हवा वरून मिळते म्हणून नवा थर नेहमी वरच धरतो आणि बरणीच्या तोंडाएवढा गोल होतो.

सगळे जीव लावतात तो या चकतीला. मला मात्र आता पक्कं वाटतं की खरी राखण करतो तो आंबट द्रव, म्हणजे आपल्या भाषेत विरजण. नुसत्या गोड चहात बुरशीला मोकळं रान मिळतं. विरजणाने सुरुवातीलाच पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आंबट) ४.५ च्या खाली आणला, तर तिला पाय रोवणं अवघड जातं. मी मागची खेप पाहुण्यांना वाटून टाकली होती आणि चार लिटरांना जेमतेम वाटीभर विरजण घातलं होतं. वर बरणी कूलरच्या झोतात! ओल्या वाळ्यावरून येणारी हवा बुरशीचे बीजाणूही घेऊन येऊ शकते.

नागपुरातला दुसरा पेच उन्हाचा. या वस्तीला २४ ते २९ अंश मानवतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना स्वयंपाकघरही तापतं. मग जिवाणू मागे पडतात, यीस्ट पुढे धावतं, पेय उग्र होतं. त्यावर मला माठाची युक्ती लागू पडली. बरणी पाण्याच्या परातीत ठेवायची आणि तिच्या अंगाभोवती ओलं सुती फडकं असं गुंडाळायचं की खालची कड पाण्यात बुडेल. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि बरणी गार राहते. तोंडावरचं कापड मात्र कोरडं हवं, आणि घट्ट विणीचं, नाहीतर चिलटं आत शिरतात. डिसेंबरात उलट, थंडीने काम रेंगाळतं. तेव्हा चार-पाच दिवस जास्त द्यायचे.

घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, हे एकदा नीट पाहिलं की कळतं. चकतीखाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे असतात. चकती बुडाली, तिला भोक पडलं, तरी काही बिघडत नाही. पांढरट, ओलसर, पातळ साय म्हणजे बहुतेक नवी चकती. केसाळ आणि कोरडं दिसलं तर मात्र वाद नाही, फेकून द्यायचं. पीएचची पट्टी जवळ ठेवावी. सात दिवसांत पीएच ४.२ च्या खाली गेला नाही, तर ती खेप पिऊ नये. बरणी काचेचीच हवी; तांब्या-पितळेतून धातू आम्लात उतरतो. अल्कोहोलचा अंश राहतोच, म्हणून गरोदर बायकांना, लहान मुलांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना घरचा कोम्बुचा देऊ नये.

मृग बहाराची संत्री बाजारात असली, की गाळलेल्या कोम्बुचात थोडा रस घालून मी बाटल्या बंद करते. रसातल्या साखरेवर यीस्ट पुन्हा कामाला लागतं, पण आता वायूला बाहेर पडायला वाट नसते. मार्चच्या उन्हात एका दिवसात बाटलीचं झाकण फुगून टणक लागतं. तसं लागलं की बाटल्या लगेच फ्रीजमध्ये. एक दिवस आणखी बाहेर राहिली, तर काच फुटू शकते.