गिरण्या काय फक्त संपाने बुडाल्या?

"कामगार नेते दत्ता सामंतांनी संप केला आणि मुंबईच्या गिरण्या संपल्या", हे लहानपणापासून ऐकतोय, पण ते अर्धंच खरंय. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, कित्येक घरं उघड्यावर आली, कबूल. पण दुखणं जुनं होतं, बऱ्याच मालकांनी वर्षानुवर्षं नवीन मशिनरीत पैसा घातला नाही, तिकडे भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीचे पॉवरलूम स्वस्तात कापड काढत होते, आणि काही आजारी गिरण्या तर सत्तरच्या दशकातच सरकारला ताब्यात घ्याव्या लागलेल्या. शिवाय संपानंतर बऱ्याच गिरण्या परत चालू झाल्या की, कमी माणसांत! खरी गोम जमिनीची, मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने ती विकायची वाट मोकळी झाली. आता लोअर परळला फिनिक्सच्या जागी मॉल, कमला मिलमध्ये ऑफिसं, कायापालट म्हणे, आणि गिरणी कामगार म्हाडाच्या घरांच्या लॉटरीकडे डोळे लावून.