लोखंडाच्या खाणीतले सोने

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील इताबिरा हे गाव आज लोहखनिजासाठी प्रसिद्ध असले, तरी अठराव्या शतकात माणसे तेथे आली ती सोन्याच्या शोधात. हेमॅटाइट (लोखंडाचे खनिज) आणि क्वार्ट्‌झ (गारगोटी) यांचे पातळ थर एकाआड एक रचलेल्या पट्टेदार खडकाला ‘इताबिराइट’ म्हणतात. या खडकात काही ठिकाणी मऊ, भुसभुशीत काळे पट्टे सापडतात. काळ्या पिसांवर पांढरे ठिपके असलेल्या तेथील एका रानपक्ष्यावरून त्यांना ‘जाकुतिंगा’ म्हणतात, आणि सोने असते ते याच पट्ट्यांत. जवळच्या गोंगो सोको येथे १८२६ पासून सुमारे ३० वर्षे एका ब्रिटिश कंपनीने हेच पट्टे उपसून १२ टनांच्या आसपास सोने काढले. त्यासाठी शेकडो गुलामांना राबवले गेले, हेही त्या आकड्याबरोबर सांगितलेच पाहिजे. पुढे त्याच जागी लोहखनिजाची खाण झाली.

विसाव्या शतकात इताबिराच्या काउए खाणीत मात्र क्रम उलटला: मुख्य माल लोखंडाचा आणि सोने जोडीला. यातले अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. सोन्याच्या खाणीत खडक फोडणे, वाहणे आणि दळणे हा सगळा खर्च सोन्यालाच भरून काढावा लागतो. येथे त्यातला मोठा वाटा लोखंडाने आधीच उचललेला असतो. सोने वेगळे करण्याचे तत्त्वही सराफकट्ट्यावरची माती धुणाऱ्या झारेकऱ्याला ठाऊक असते तेच. क्वार्ट्‌झची घनता सुमारे २.६५, हेमॅटाइटची ५.३ आणि शुद्ध सोन्याची १९.३ असल्याने, पाण्याच्या प्रवाहात हलके कण वाहून जातात आणि सोने तळाशी बसते. पाण्यातील वजनाचा हिशेब केला, तर हेमॅटाइट क्वार्ट्‌झपासून जितके सहज सुटते, त्याहूनही सोने हेमॅटाइटपासून अधिक सहज सुटायला हवे. अडचण कणांच्या आकाराची आहे, कारण अतिसूक्ष्म किंवा पापुद्र्यासारखे चपटे कण जड असूनही पाण्याबरोबर निसटतात.

त्याहून मोठी अडचण खाणकामाच्या पद्धतीची आहे, असे मला वाटते. पोलाद कारखान्याला एकसारख्या प्रतीचा माल हवा असतो, म्हणून खाणीत निरनिराळ्या भागांतील खनिज मुद्दाम मिसळले जाते. सोन्याचा अरुंद पट्टा वेळीच ओळखून वेगळा उचलला नाही, तर ते सोने हजारो टन खनिजात विखुरते आणि झोतभट्टीत गेल्यावर परत मिळवणे परवडत नाही.

गोव्यातील लोहखनिजाचा उगमही अशाच पट्टेदार खडकांत आहे. तरीही पट्टे दिसले म्हणजे सोने असेलच, असे मानता येत नाही. इताबिरात लोहथर साचल्यानंतर पुष्कळ काळाने क्षारयुक्त उष्ण द्रव भेगांतून फिरले आणि त्यांनी सोन्याबरोबर पॅलॅडियम हा मौल्यवान धातूही आणला, असे अभ्यासक मानतात. असे द्रव जेथून गेले तेवढ्याच जागी सोने बसते, आणि एका नमुन्यात भरपूर दिसलेले सोने हातभर अंतरावरच्या दुसऱ्या नमुन्यात मुळीच नसते.