ट्रायकोडर्मा बीजप्रक्रिया

पेरणीपूर्वी बियाण्यावर किंवा बेण्यावर ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीचे जिवंत बीजाणू चढवण्याची पद्धत. उगवणीच्या काळात जमिनीतील रोगकारक बुरशींपासून कोवळ्या मुळांचे रक्षण करणे हा तिचा मुख्य हेतू. सातारा व सांगली जिल्ह्यांत ती हरभरा, तूर, सोयाबीन, भुईमूग आणि विशेषतः हळद व आले या पिकांत रूढ आहे.

ट्रायकोडर्मा हे प्रजातीचे नाव पर्सून यांनी १७९४ मध्ये दिले. ही बुरशी इतर बुरशींवर जगते हे वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये दाखवले आणि जैविक रोगनियंत्रणाकडे संशोधकांचे लक्ष वळले. व्हिरिडी, हार्झियानम व अ‍ॅस्परेलम या जाती शेतीत जास्त वापरल्या जातात. बाजारात मिळणारी हिरवट भुकटी म्हणजे बहुधा शंखजिऱ्यात मिसळलेले बीजाणू असतात.

बी रुजू लागले की त्यातून शर्करा व अमिनो आम्ले पाझरतात. त्यांच्या वासावर मर, मूळकूज आणि मानकूज घडवणाऱ्या फ्युजेरियम, रायझोक्टोनिया, स्क्लेरोशियम या बुरशी बियाकडे वळतात. ट्रायकोडर्मा आधीच सालीवर बसलेली असेल तर ते अन्न आणि ती जागा प्रथम तिला मिळते. पुढे ती रोगकारक बुरशीच्या तंतूंभोवती वेटोळे घालते, कायटिनेजसारखी विकरे (एन्झाइम) सोडून त्यांची भित्तिका विरघळवते आणि आतील द्रव्य शोषते. काही वाण प्रतिजैविक द्रव्येही सोडतात. मुळांवर स्थिरावल्यावर पिकाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी होते व मुळे जोमाने वाढतात. अर्थात हे सर्व प्रतिबंधापुरते. मर लागून माना टाकलेले हरभऱ्याचे झाड त्यातून उठत नाही.

कृती सोपी आहे. गुळाचे पाणी किंवा साधे पाणी बियाण्यावर हलके शिंपडून किलोला साधारण ५ ग्रॅम भुकटी (उत्पादनानुसार ४ ते १० ग्रॅम) हलक्या हाताने चोळतात, सावलीत गोणपाटावर पसरून सुकवतात आणि त्याच दिवशी पेरतात. सोयाबीनला मात्र जपावे लागते. त्याची साल पातळ असल्याने पाणी जास्त झाले किंवा जोरात चोळले की ती सुटते आणि रोगापेक्षा हाताळणीनेच उगवण घटते.

रासायनिक बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू खते व ट्रायकोडर्मा शेवटी, हा क्रम शिकवला जातो. तो पाळूनही एक अडचण उरते. कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाला ट्रायकोडर्मा फार संवेदनशील आहे. एकाच बियाण्यावर दोन्ही चढवणे म्हणजे पैसे देऊन आणलेली बुरशी स्वतःच मारणे. विकत घेतलेले बियाणे अनेकदा कंपनीतूनच रंगीत औषध लावून येते, तेव्हा पिशवीवरील मजकूर वाचून मगच भुकटी आणावी.

सांगलीत या पद्धतीची खरी कसोटी हळदीत लागते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचे आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागातील आल्याचे मोठे दुखणे म्हणजे कंदकूज. तिला प्रामुख्याने पिथियम कारणीभूत असते (आजच्या वर्गीकरणात ती खरी बुरशी मानत नाहीत). मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे. गड्डे बुडवून प्रक्रिया करताना रासायनिक आणि जैविक द्रावण एकत्र करत नाहीत: आधी रासायनिक द्रावण, मग बेणे सुकवणे आणि लागणीच्या वेळी जैविक. तरीही नुसत्या बेणेप्रक्रियेवर कंदकूज आवरत नाही. हळदीचे पीक आठ-नऊ महिने जमिनीत असते, पावसाळ्यात सरीत पाणी साचले की बेण्यावरचा थर पुरा पडत नाही. म्हणून शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून, ओल राखून काही दिवस सावलीत वाढू देतात आणि ते खत भरणीच्या (बुंध्याला माती लावण्याच्या) वेळी टाकतात. निचरा नसलेल्या रानात तेही वाया जाते. आल्याची मर जिवाणूजन्य असेल तर या बुरशीवर विसंबणे चुकीचेच.

माण, खटाव, जत, आटपाडी या कोरडवाहू पट्ट्यातील रब्बी ज्वारीत अपेक्षा आणखी बेतानेच ठेवाव्यात. दाणे भरताना ओल तुटली की खडखड्या हा बुरशीजन्य खोडरोग येतो. पेरणीला लावलेल्या बुरशीचा तेव्हा फारसा आधार उरत नाही. काणी या कणसावरील बुरशीरोगासाठी ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम चोळण्याचा जुना उपाय अजूनही योग्य आहे.

परिणाम न दिसण्याचे कारण पुष्कळदा भुकटीतच असते. बीजाणू जिवंत असल्याने एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली पुडी मुदतीआधीच निकामी होऊ शकते. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत बुरशीला तग धरणे अवघड जाते. कृष्णाकाठच्या अतिपाण्याने खारवटलेल्या रानांत हा दोष ठळक आहे.

अळिंबी (मशरूम) उत्पादकाला मात्र हीच बुरशी नकोशी असते. धिंगरी अळिंबीच्या पिशव्यांत ती हिरवी बुरशी म्हणून माजते आणि अळिंबीचे तंतू खाते. त्यामुळे ट्रायकोडर्मायुक्त शेणखताचा ढीग अळिंबीच्या शेडपासून लांब लावतात.