रिव्हर्ब पेडलवरचे नॉब आले कुठून?

ॲम्बियंट, म्हणजे संथ, वातावरण उभं करणारं संगीत वाजवायचं म्हणून रिव्हर्ब पेडल (वाद्याच्या आवाजाला घुमारा देणारी, पायाने चालवायची छोटी पेटी) शोधायला निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत नावांच्या गर्दीत हरवतो. हॉल, प्लेट, स्प्रिंग, मॉड्युलेट, शिमर, ब्लूम, क्लाउड. नॉब बघावेत तर डिके, ड्वेल, टोन, प्री-डिले, मिक्स. यातली बरीचशी नावं एखाद्या खऱ्या खोलीवरून, खऱ्या यंत्रावरून किंवा कुठल्या तरी स्टुडिओत सापडलेल्या युक्तीवरून आली आहेत. मी बेस वाजवतो, अधूनमधून गिटारही. दोन पेडलं घेऊन विकल्यानंतर या नावांच्या मागे लागलो आणि तेव्हा कुठे आपल्याला नेमका कोणता आवाज हवा आहे ते सांगता येऊ लागलं.

शाळेच्या सहलीत विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांना रिव्हर्ब म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आतून सुमारे ३८ मीटर रुंद असलेल्या त्या घुमटाखाली एक टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. मोजता येतील असे सुटे पडसाद म्हणजे एको. त्यांची इतकी दाटी झाली की ते वेगळे ऐकूच येत नाहीत आणि नुसता घुमारा उरतो, तो रिव्हर्ब. ‘घुमणं’ आणि ‘घुमट’ हे शब्द आपल्या कानाला एकाच घरातले वाटतात, आणि पेडलच्या सगळ्या गणिताचा गाभा तेवढाच आहे.

हा घुमारा पहिल्यांदा शिस्तीत मोजला वॉलेस सबाइन यांनी. हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळत नव्हतं, म्हणून १८९५ साली ते काम त्यांच्याकडे आलं. एक ऑर्गनची नळी, एक घड्याळ आणि शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातून रात्री उचलून आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या, एवढ्यावर त्यांनी मोजमाप केलं. रिकाम्या व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत होता. गाद्या वाढवत नेल्या तसा तो कमी होत गेला. पुढे व्याख्या ठरली ती अशी: आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ म्हणजे त्या खोलीचा रिव्हर्ब टाइम. पेडलवरचा डिके नॉब हाच वेळ लांबवतो किंवा आखडतो. फरक एवढाच की सबाइन यांना तो कमी करायचा होता आणि आपण तो दहा-वीस सेकंदांवर नेऊन ठेवतो.

ध्वनिमुद्रण आलं तशी उलटी अडचण सुरू झाली. स्टुडिओच्या भिंती आवाज गिळून टाकायच्या आणि रेकॉर्ड कोरडी वाटायची. १९४७ साली शिकागोत बिल पटनम यांनी हार्मोनिकॅट्स या हार्मोनिका वाजवणाऱ्या त्रिकुटाचं ध्वनिमुद्रण करताना स्टुडिओच्या स्नानगृहात स्पीकर आणि मायक्रोफोन ठेवला आणि तिथला घुमारा मूळ आवाजात मिसळला. किती मिसळायचा ते हाताने ठरवता येत होतं. मिक्स नॉबचं मूळ तिथे आहे. १९५६ साली हॉलिवुडमध्ये कॅपिटॉल कंपनीची गोल इमारत उभी राहिली तेव्हा तिच्या खाली, जमिनीत, खास अशा खोल्याच बांधल्या गेल्या. प्रत्येक स्टुडिओला हे कुठून परवडणार? जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ साली त्यावर तोड काढली. दोन मीटर लांब, एक मीटर उंच आणि अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगायचा, एका बाजूने तो कंपित करायचा आणि दुसरीकडून ती कंपनं टिपायची. ईएमटी १४० हे त्याचं नाव, वजन पाव टनाच्या पुढे. खोलीत पहिला पडसाद यायला थोडा वेळ लागतो. पत्र्यात मात्र घुमारा लगेच दाट होतो. म्हणून पेडलवरची ‘प्लेट’ सेटिंग स्वराला अगदी चिकटून येते, तेजस्वी वाटते आणि गायकीच्या अंगाने वाजवलेल्या एकेका स्वराला फार शोभते.

गिटारवाल्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, त्यांना मिळाली स्प्रिंग. लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर आवाज उशिरा पोचतो, तो उशीर प्रयोगशाळेत तयार करण्यासाठी बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन संस्थेने स्प्रिंगा वापरल्या होत्या. लॉरेन्स हॅमंड यांनी ती कल्पना आपल्या ऑर्गनसाठी उचलली आणि वर्षानुवर्षं छोटी करत नेली. त्यांच्याच परवान्यावर फेंडर या गिटारच्या कंपनीने १९६१ साली गिटारसाठी वेगळी रिव्हर्ब पेटी काढली आणि १९६३ पासून ती सोय ॲम्पच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या, आतच बसवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सर्फ संगीताचा ओला, ठिबकता आवाज तो हाच.

ॲम्पच्या तळाशी रेक्झिनच्या पिशवीत बांधलेला हा स्प्रिंगचा ट्रे मी एकदा एका मित्राच्या ॲम्पमधून बाहेर काढून पाहिला. हातभर लांब, पत्र्याची उथळ पेटी. आत बॉलपेनमध्ये असतात तशा, पण लांबलचक आणि केसासारख्या बारीक तारेच्या स्प्रिंगा, दोन्ही टोकांना लहानसं चुंबक आणि तारेचं वेटोळं. एका टोकाला सिग्नल स्प्रिंगला पीळ देतो, तो पीळ दुसऱ्या टोकाला जातो, आपटून परत येतो, पुन्हा जातो. ॲम्प चालू असताना ट्रेला बोट लागलं आणि खोलीत ढग गडगडल्यासारखा आवाज झाला. फेंडरच्या त्या पहिल्या पेटीवर तीन नॉब होते: ड्वेल, टोन आणि मिक्स. ड्वेल म्हणजे स्प्रिंगला किती जोराने हलवायचं ते. स्प्रिंग किती वेळ घुमेल हे तिच्या बनावटीवर ठरतं, नॉबवर नाही. म्हणून ड्वेल आणि डिके एकच समजून पेडल घेणाऱ्याची फसगत होते. ॲम्बियंटसाठी स्प्रिंग मला तरी अपुरी वाटते. तिची शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारा घुमारा, आखूड असते आणि जोरात छेडलं की ती टपटपते.

शेपूट लांबवायची तर गणित हवं होतं. बेल लॅब्जमधल्या मान्फ्रेड श्रोडर यांनी १९६१-६२ मध्ये ते मांडलं. आवाज थोडा थांबवून परत स्वतःतच सोडायचा, अशी अनेक वेटोळी एकमेकांना जोडायची, आणि सेकंदाला हजारेक पडसाद झाले की कानाला ते नैसर्गिक वाटतं. त्या काळच्या यंत्रांना हे गणित वाजवता वाजवता झेपणारं नव्हतं. १९७६ साली बॅरी ब्लेसर यांनी ईएमटीसाठी केलेलं ईएमटी २५० हे पहिलं डिजिटल रिव्हर्ब यंत्र आलं. १९७८ साली लेक्सिकॉन कंपनीचं २२४ आलं, डेव्हिड ग्रीझिंगर यांच्या गणितावर चालणारं. मेमरी थोडी असल्यामुळे शेपटीत पत्र्यासारखी किणकिण राहायची. ती लपवण्यासाठी आतले थांबे सतत किंचित हलते ठेवले गेले. त्यामुळे घुमाऱ्याला एक संथ, डोलणारी लय आली. हे मूळचं एका उणिवेचं झाकण होतं आणि आज तोच आवाज लोक पैसे मोजून मागतात. पेडलवर ‘मॉड्युलेट’ किंवा ‘मॉड’ लिहिलेलं दिसलं की समजावं, लेक्सिकॉनची सावली आहे.

आता ‘ॲम्बियंट’ या शब्दाकडे. १९७५ साली अपघातातून उठत असलेले ब्रिटिश संगीतकार ब्रायन इनो अंथरुणावर पडून होते. मैत्रिणीने आणलेली वीणेसारख्या हार्प या वाद्याची रेकॉर्ड लावली गेली, पण आवाज फारच कमी राहिला, आणि उठून तो वाढवण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं. पावसाच्या आवाजात मिसळलेलं ते संगीत ऐकताना त्यांना वाटलं, संगीत खोलीतल्या उजेडासारखं नुसतं असूही शकतं. १९७८ साली विमानतळासाठी म्हणून केलेल्या रचनांना त्यांनी ‘ॲम्बियंट’ हे नाव दिलं. इथे घुमाऱ्याचं कामच पालटलं. तोवर रिव्हर्ब सांगायचा की वादक कुठे बसला आहे. आता मूळ स्वर केवळ बी टाकण्यापुरता आणि पुढचं पीक सगळं घुमाऱ्याचं.

शिमर याच मातीतून उगवला. कॅनडातल्या हॅमिल्टन गावच्या ग्रँट अव्हेन्यू स्टुडिओत इनो आणि ध्वनिमुद्रणकार डॅनियल लान्वा एकत्र काम करू लागले. रिव्हर्बमधून बाहेर आलेला आवाज पिच (स्वराची उंची) बदलणाऱ्या यंत्रातून एक सप्तक वर न्यायचा आणि परत त्याच रिव्हर्बमध्ये सोडायचा. दर फेरीला तो आणखी एक सप्तक चढतो, आणि एका स्वरातून तारसप्तकातला चकाकता धूर वर जात राहतो. १९८४ साली यू२ या आयरिश बँडबरोबर त्यांनी केलेल्या अल्बममधून तो जगाच्या कानावर पडला. पुढे चर्चमधल्या गिटारवाल्यांनी तो इतका आपलासा केला की आज शिमर नसलेलं ॲम्बियंट पेडल मिळणं अवघड. मला तो चिमूटभर आवडतो. पूर्ण उघडला की प्रत्येक वादक सारखाच वाटायला लागतो.

हे सगळं स्टुडिओतून पायाखाली आणणाऱ्यांत कीथ बार यांचं नाव मी फार आदराने घेतो. सत्तरच्या दशकात एमएक्सआर ही पेडलची कंपनी सुरू करणाऱ्या दोघांपैकी ते एक. १९८४ साली त्यांनी अलेसिस ही कंपनी काढली आणि १९८६ साली मिडीव्हर्ब हे रिव्हर्ब यंत्र आणलं. किंमत ३९५ डॉलर, आत ६३ ठरलेले आवाज, बदलायला काहीच नाही. स्टुडिओच्या यंत्रांपुढे ते खरखरीत होतं, पण घरात बसून चार ट्रॅकवर गाणी करणाऱ्या पोरांना ते परवडत होतं. ब्रिटन-आयर्लंडमधल्या शूगेझ बँडांचा, म्हणजे गिटारच्या घुमाऱ्याची भिंत उभी करणाऱ्या बँडांचा, आवाज अशाच स्वस्त डिजिटल पेट्यांवर उभा राहिला. त्यांतल्याच माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या केव्हिन शील्ड्स यांनी यामाहाच्या एसपीएक्स९० मधला उलटा रिव्हर्ब गिटारवर असा वापरला की छेडल्याचा आघातच पुसला जावा आणि नुसती फुगत येणारी लाट उरावी. आजच्या पेडलवरचे ‘रिव्हर्स’, ‘स्वेल’, ‘ब्लूम’ त्याच घराण्यातले.

पुढे बार यांनी स्पिन सेमिकंडक्टर या नावाने एफव्ही-१ ही चिप बनवली. एक सेकंदाची मेमरी, आवाजाच्या दर नमुन्याला १२८ सूचना, आणि बाहेरून तीन नॉब जोडायची सोय. एक-दोन माणसांच्या कार्यशाळाही या चिपवर स्वतःचा रिव्हर्ब लिहू लागल्या. छोट्या बनावटीच्या पेडलवर घुमाऱ्याचे नेमके तीनच नॉब दिसले तर त्याचं कारण पुष्कळदा ही चिप असते. बार २०१० साली गेले. त्यांच्या चिपवर बनलेली पेडलं आजही नवीन निघतात.

मोठ्या कंपन्यांची वाट वेगळी होती. बॉसने १९८७ साली आरव्ही-२ काढलं, तळहाताएवढ्या पेडलमध्ये मावलेला पहिला डिजिटल रिव्हर्ब. २००२ च्या आरव्ही-५ मधल्या मॉड्युलेट सेटिंगवर कितीतरी ॲम्बियंट वादक वाढले. २०११ साली इव्हेंटाइडचं स्पेस आलं, २०१३ साली स्ट्रायमनचं बिगस्काय, ज्यात बारा प्रकारचे रिव्हर्ब एकाच पेटीत होते. २०२० साली चेस ब्लिस आणि मेरिस यांनी मिळून सीएक्सएम १९७८ काढलं. नावातला आकडा लेक्सिकॉन २२४ च्या सालाचा आहे, आणि वरच्या सहा सरकपट्ट्या सेटिंग बदललं की आपोआप जागेवर सरकतात.

बेससाठी मात्र या इतिहासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत घुमाऱ्याच्या खोलीकडे आवाज पाठवण्याआधी त्यातला साधारण ६०० हर्ट्झखालचा आणि १०,००० हर्ट्झवरचा भाग कापायचे. बेसच्या जाड तारेचा उघडा ई हा स्वर ४१ हर्ट्झचा, तो घुमायला लागला की सगळ्यांना बुडवतो. हे मला जॅम रूममध्ये कळलं. घरी एकट्याने वाजवताना समुद्रासारखा वाटलेला हॉल ड्रम सुरू होताच नुसता चिखल झाला, आणि ड्रमवाल्याला माझा एकही ठोका पकडता येईना. म्हणून बेसवाल्याने आधी पाहावं ते दोनच: रिव्हर्बचा खालचा भाग कापणारा नॉब आहे का, आणि मूळ आवाज अख्खा, न बदलता पुढे जातो का.

आपल्याकडे तंबोऱ्याच्या, सतारीच्या स्वरामागे रेंगाळणाऱ्या नादाला ‘आस’ म्हणतात. सतारीच्या तरफा, म्हणजे खाली आपोआप घुमणाऱ्या तारा, रागाच्या स्वरांत मिळवलेल्या असतात, त्यामुळे जुळणारा स्वरच जास्त घुमतो. पेडलला असा विवेक नाही. दहा सेकंदांच्या डिकेत मागचा कोमल गंधार पुढच्या शुद्ध गंधारावर खुशाल चढून बसतो. म्हणून लांब शेपटीच्या पेडलबरोबर स्वर कमी लागतात आणि कॉर्ड सावकाश बदलावे लागतात. ज्याचं वाजवणं भरगच्च आहे त्याला प्लेट आणि दोन-अडीच सेकंद पुरतात, जोडीला थोडा प्री-डिले, म्हणजे आघात आधी ऐकू येतो आणि घुमारा मागून येतो.

डिजिटल पेडल वीजही बऱ्यापैकी खातात. बिगस्कायला ३०० मिलिअँपिअर लागतात, सगळ्या पेडलना मिळून एकच ॲडॉप्टर असेल तर शेपटीत बारीक शीळ ऐकू येण्याची शक्यता असते.

दुकानात पेडल हाती आलं की मी मिक्स पूर्ण उघडतो, डिके अर्ध्याच्या पुढे नेतो आणि एकच स्वर छेडून हात तारांवरून काढून घेतो. सुरुवात सगळ्यांचीच छान असते. मी ऐकतो तो शेवट: शेपूट दाणेदार होऊन तुटते, पत्र्यासारखी किणकिणते, की हवेत विरत कधी संपली ते कळतच नाही. मग बेसवर तेच, जाड तारेवर.